आरशावरचं कुंकू

दुर्बीण दुरुस्तीसाठी शाळेचा फोन आला की गोष्ट बहुधा एकच असते. हौशी विज्ञानशिक्षकांची बदली झाली आणि दुर्बीण कपाटामागे गेली. सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळेतली आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण, अशीच नऊ वर्षं पडून होती.

नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर, गंजलेला फोकसर, हे नेहमीचंच. मुख्य आरसा बाहेर काढला आणि हात थांबला. त्याच्या मध्यावर कुंकवाचं बोट होतं.

शाळेचे शिपाईमामा दर खंडेनवमीला शाळेची घंटा, कुदळी यांच्याबरोबर दुर्बीणही पुजत होते. तळ उघडायचा, आरसा धोतराच्या मऊ फडक्यानं लख्ख पुसायचा, कुंकू लावायचं, पुन्हा घट्ट बंद करायचं.

घरातल्या आरशाचा मुलामा काचेमागे असतो. दुर्बिणीच्या आरशाचा पुढे, उघडा. ॲल्युमिनियमचा थर जेमतेम मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. कोरडं फडकं फिरलं की धुळीतला कण न् कण ओरखडा काढतो. त्यात कुंकू म्हणजे हळद आणि चुना, आणि चुना ॲल्युमिनियम खातो.

"हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला करायला?" मी मुलांदेखत विचारलं. मामा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन उभे राहिले.

आरसा मी टबात धुतला. आधी नुसत्या पाण्याची धार, मग दोन थेंब साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजत. कापसाचा बोळा दाबायचा नाही. त्याच्या स्वतःच्या वजनानं एकदाच सरकवायचा आणि टाकून द्यायचा. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा कडेवर उभा. वाळल्यावर मागून बल्ब धरला. कुंकवाच्या जागी मुलामा नव्हताच, बोटाएवढ्या खिडकीतून उजेड येत होता. बाकी आरशावर ओरखड्यांचं बारीक जाळं, पण बुरशी कुठेही नाही. नऊ पावसाळे काढलेल्या आरशावर मी हे क्वचितच पाहिलंय. मामा झाकण लावून, कापडात बांधून दुर्बीण कोरड्या जागी ठेवत होते.

आणि ते भोक होतं नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या, दुय्यम आरशाच्या सावलीत. तिथे ताऱ्याचा प्रकाश पोचतच नाही. नवा मुलामा चढवायला आरसा पाठवला असता तर शाळेची हिवाळी आकाशदर्शनं गेली असती. मी तो तसाच बसवला. कोलिमेशनसाठी, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणण्यासाठी, मध्यखूण लागते. मोजून पाहिलं तर मामांचं बोट खऱ्या मध्यापासून चार मिलिमीटरच ढळलं होतं.

रात्री आरसा तासभर थंड होऊ दिला. पुस्तकं आरसा ध्रुवावर तपासायला सांगतात, पण आपल्याकडे ध्रुव जेमतेम अठरा अंशांवर, तिथली हवा उकळत असते. मी ब्रह्महृदय हा ठळक तारा घेतला. दहा मिलिमीटरच्या आयपीसमधून १२० पट. फोकसबाहेर नेला की गोल कडी दिसायला हवीत, दिसला तिकोना. आरसा धरणाऱ्या तीन चिमट्या आवळल्या होत्या. काच पडू नये म्हणून मामांनी दरवर्षी जीव लावून आवळल्या असणार. कागद सहज सरकेल इतक्या सैल केल्या, कोलिमेशन पुन्हा केलं, आणि कडी गोल झाली. मृगातल्या तेजोमेघात चार ताऱ्यांचा चौकोन टाचणीनं टोचल्यासारखा उमटला.

मुलांची रांग संपली तरी मामा आले नाहीत. मीच बोलवायला गेलो. नऊ वर्षं किल्ली त्यांच्याकडे होती, आणि आरसा कसा जपायचा हे त्यांना सांगावं असं शाळेत एकालाही वाटलं नव्हतं. मी मात्र जाब त्यांनाच विचारला. तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही.

त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग विचारलं, "सर, दसऱ्याला आता कुंकू कुठं लावू?"

लाकडी बैठकीवर, उजव्या कुशीला, मी पेन्सिलीनं गोल आखून दिला.