चार्जिंग थांबेना

सकाळी लॅब उघडली तेव्हा साध्या कार्बनचे तिन्ही कॉइन सेल, म्हणजे नाण्याएवढ्या चाचणीच्या बॅटऱ्या, अजून चार्ज होत होते. डिस्चार्जला पाच तास लागले होते. चार्जिंगला एकोणीस झाले तरी व्होल्टेज २.४ च्या आसपास अडकलेलं. २.८ गाठल्याशिवाय ते थांबत नाही. लिथियम-सल्फर बॅटरीवर काम करणाऱ्याला रोग लगेच कळतो: पॉलिसल्फाइड, म्हणजे लिथियम आणि गंधकाची मधली संयुगं, सेलमधल्या द्रावणात विरघळून लिथियमकडे जातात, तिथून परततात, पुन्हा जातात. वीज आत जात राहते, साठत काही नाही.

आमचा कार्बन रत्नागिरीतल्या करवंट्यांचा, आणि मला त्याचा अभिमान आहे. गंधकातून वीज वाहत नाही, म्हणून ते वितळवून कार्बनच्या छिद्रांत भरायचं. १५५ अंशांवर बारा तास, कारण तिथे ते सर्वांत पातळ असतं. १६० ओलांडलं की काकवीसारखं दाटतं. छिद्रं काठोकाठ भरायची नाहीत. गंधकाचं लिथियम सल्फाइड होताना ते सुमारे ८० टक्के फुगतं. दुसऱ्या बॅचमध्ये याच कार्बनवर मँगनीज डायऑक्साइड चढवलं होतं, पॉलिसल्फाइड धरून ठेवायला. त्या बॅचचे तिन्ही सेल रात्रीच २.८ ला पोचून थांबले होते.

द्रावणात लिथियम नायट्रेट मी मुद्दाम घातलं नव्हतं. ते घातलं की लिथियमवर थर बसतो, चार्जिंग वेळेत संपतं आणि कॅथोडचा, म्हणजे गंधकाच्या बाजूचा, दोष झाकला जातो. कित्येक पेपरांत हेच चालतं. वर चौरस सेंटिमीटरला जेमतेम मिलिग्रॅमभर गंधक लावायचं आणि ग्रॅममागे १६७५ मिलिअँपिअर-तासांच्या सैद्धांतिक क्षमतेशी तुलना करायची. मला ते पटत नाही.

हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये साध्या कार्बनचा एक सेल उघडला. दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या सेपरेटरवर काजूच्या बोंडाचा रस वाळल्यासारखा डाग. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. ऑक्साइडचा फरक इतका स्वच्छ दिसला, लिहायला घे म्हणाले.

दुपारी ओव्हन सांभाळणाऱ्या लॅबमधल्या काकांना सहज विचारलं, साधी बॅच ओव्हनमधून किती वाजता काढलीत?

"दहालाच, मॅडम. पण रात्री दोनला लाईट गेलेली. सकाळी बघितलं तर ओव्हन थंडगार."

रात्री दहाला लावलेली बॅच, म्हणजे चारच तास. लाईट आली तरी आमचा ओव्हन आपोआप चालू होत नाही. वहीत मात्र सुरुवात दहा, शेवट दहा. काकांचा दोष नाही. वहीत तिसरा रकानाच नाही. ऑफिसातला एसी बॅकअपवर आहे, ओव्हन नाही, हे मी दोन वर्षं सांगते आहे.

आता तो फरक ऑक्साइडचा, की छिद्रांबाहेर राहिलेल्या गंधकाचा? २०१५ मध्ये कॅनडातल्या लिंडा नाझर यांच्या गटाने दाखवलं होतं की मँगनीज डायऑक्साइड पॉलिसल्फाइडशी अभिक्रिया करून त्यांना पृष्ठभागावर बांधतं. म्हणजे सरांचं बरोबर असूही शकेल. पण माझ्या सेलमध्ये तेच घडलं, हे मी या आकड्यांवरून लिहू शकत नाही.

"पावसाळा संपेपर्यंत थांबणार आहेस का?" सर म्हणाले.

आज दहाला दोन्ही बॅच पुन्हा लावल्या आहेत, एकाच ओव्हनमध्ये, शेजारीशेजारी. बाहेर पाऊस कोसळतोय. मी इथेच खुर्ची टाकून बसले आहे. आत्ता एक वाजून वीस मिनिटं, १५५ दाखवतंय.