टर्कीचं अळणी पाणी

शनिवारी सकाळी गराजमधल्या फ्रिजचं दार लागेना. ढोपराने दाबलं, कंबरेने रेटलं, शेवटी आत डोकावून पाहिलं तर फॉइलमधून टर्कीची एक तंगडी दाराला आडवी आलेली. आदल्या रात्री नवऱ्याने आवराआवर केली होती. त्याचं आवरणं म्हणजे जे दिसेल ते फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि जिथे फट दिसेल तिथे कोंबायचं.

एवढी टर्की उरली कशी, त्याचं मूळ पंचांगात आहे. यंदा थँक्सगिव्हिंग, म्हणजे अख्खी टर्की भाजून खायचा अमेरिकेतला सण, २७ नोव्हेंबरला आलं आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही नेमका त्याच दिवशी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार इथे १९४१पासून कायद्यानेच ठरलेला, आणि सासूबाईंची महालक्ष्मीही काही हलणारी नव्हे. त्या दिवाळीनंतर डोंबिवलीहून आमच्याकडे ओहायोत आल्या, तेव्हाच दोन्ही कॅलेंडरं समोर ठेवून त्यांनी निकाल दिला होता. "तुमचा सण गुरुवारचा, माझाही गुरुवारचा. तुम्ही पक्षी शुक्रवारी करा."

पण १८ पौंडांची गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला चार-साडेचार पौंडांना एक दिवस घेते. म्हणजे ती सोमवारपासूनच बाहेरच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला होती. गुरुवारी घट मांडून झाला, इंडियन स्टोअरमधून आणलेले आंब्याचे डहाळे कलशात लागले आणि पोथी उघडण्याआधी आईंनी मला हळूच विचारलं, "तो बाहेरच आहे ना?" लग्नघरात पिऊन आलेल्या पाहुण्याबद्दल विचारतात ना, अगदी त्या सुरात.

शुक्रवारी अकरा माणसं जेवायला. आणि इथेच माझा हिशेब चुकला. ज्यांना बोलावलं होतं त्या सगळ्यांनी आदल्या दिवशी कुठे ना कुठे टर्की खाल्लीच होती! सगळ्यांनी शास्त्रापुरता एकेक काप घेतला आणि बटाट्यावर हात मारला. पलीकडची शेजारीण तर स्वतःच्या घरची उरलेली टर्की डब्यात घालून घेऊन आली. "तुम्ही लोक तिची करी करता ना?" म्हणाली. मी हसून डबा घेतला. काय करणार?

माझी लेक या सगळ्याला सरसकट 'लेफ्टओव्हर' म्हणते. आईंच्या हिशेबात ते इतकं सोपं नाही. भांड्यात राहिलं ते उरलेलं. रात्र उलटली की ते शिळं. कुणाच्या ताटातलं असेल तर उष्टं, आणि त्याचा हात जिथे जिथे लागला ते खरकटं. पंपकिन पाय या गोड पदार्थासाठी भोपळ्याच्या गराचा डबा बुधवारी फोडला होता, त्यातला निम्मा गर तसाच होता. तो गुरुवारच्या नैवेद्याला चालेल का, यावर आई बराच वेळ डबा हातात घेऊन उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "कुणी खाल्लेलं नाही, शिजवलेलंही आपण नाही. चालेल." त्याचे गूळ, कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ आणि जायफळ घालून घारगे झाले. डब्यातला गर आपल्या किसलेल्या भोपळ्यापेक्षा पुष्कळ ओला असतो, त्यामुळे कणीक दीडपट लागली. पण घारगे टम्म फुगले.

तर शनिवार. मी दिवसभर हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत बॅक्टेरियाच्या प्लेटा बघते, त्यामुळे उरलेल्या मांसाबद्दल मी घरात बदनाम आहे. ओव्हनमधून बाहेर आल्यापासून दोन तासांत फ्रिजमध्ये, फ्रिजमध्ये जास्तीत जास्त चार दिवस, पुढे फ्रीझर नाही तर कचरा. म्हणजे शुक्रवारची टर्की मंगळवार रात्रीपर्यंत. त्यात मुलं रविवारी दुपारी आपापल्या कॉलेजांना परत जाणार. खाणारी तोंडं दीड दिवसाची आणि मांस पाचेक पौंड.

ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसले. छातीचं पांढरं मांस एका बाजूला, मांडी आणि तंगडीचं काळपट मांस दुसऱ्या बाजूला. ही वाटणी आधी केली नाही तर पुढचं सगळं बिघडतं. छातीचं मांस एकदा भाजून झालं की त्यात ओलावा असा उरत नाही. ते तुम्ही मसाल्यात घालून अर्धा तास रटरटवलंत तर सुतळी होते. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. कोंबडीचा रस्सा करतो तसा कांदा-खोबरं परतून, मांस घालून, झाकण ठेवून चांगलं वीस मिनिटं शिजवलं. नवरा बिचारा चावत राहिला आणि काही बोलला नाही, त्यावरूनच कळलं. शिजलेलं मांस पुन्हा शिजवायचं नसतं, नुसतं चटकन गरम करायचं असतं, हे कळायला मला दोन थँक्सगिव्हिंगं लागली.

मांस निघालं की खाली उरतो सांगाडा, आणि खरी गंमत त्या सांगाड्यात आहे. मी कोल्हापूरची. आमच्याकडे मटण शिजलेल्या पाण्याला अळणी पाणी म्हणतात आणि घरातल्या लहान मुलाला त्याची पहिली वाटी मिळते. पांढरा रस्सा त्यावरच उभा राहतो. तेव्हा मोठा सांगाडा दिसल्यावर माझ्या मनात दुसरं काय येणार?

गेल्या वर्षीही हेच मनात आलं होतं आणि फजिती झाली होती. सांगाडा जसाच्या तसा मोठ्या पातेल्यात टाकला, सहा तास उकळला. चव घेतली तर अळणी कुठलं, समुद्र! मी टर्की एक रात्र मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती, आणि वेष्टनावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलंच नव्हतं की त्या पक्ष्यात आधीच मिठाचं पाणी टोचलेलं आहे. ते सगळं मीठ आटून आटून त्या पाण्यात उतरलं. वर पोटात भरलेला सेज आणि रोजमेरीचा पाला तसाच राहिलेला. आई तेव्हा व्हिडिओ कॉलवर होत्या. वास काही फोनमधून जात नाही, पण मी वर्णन केल्यावर म्हणाल्या, "सर्दीवर घे."

यंदा शहाणी झाले होते. मिठाच्या पाण्याचा नाद सोडला. सांगाड्यावरची सगळी कातडी सोलली, कारण मीठ-मसाला-पाला तिलाच चिकटलेला असतो. पोटाची पोकळी चमच्याने खरवडून काढली. सांगाडा हाताने मोडून चार तुकडे केले, कडकडीत पाण्यातून एकदा विसळले आणि माझ्या आईने लग्नात दिलेल्या पातेल्यात घातले. हाडं जेमतेम बुडतील एवढंच पाणी, एक कांदा, आल्याचा तुकडा, अख्खा लसूण, दहा-बारा मिरी. मीठ अजिबात नाही. हळदही नाही, पुढे पांढरा करायचा होता म्हणून. आच एवढी मंद की मिनिटाला चार बुडबुडे यावेत. वर येणारा फेस काढत चार तास.

आई हॉलमध्ये वाती वळत होत्या. मार्गशीर्षभर त्या मांसाहार करत नाहीत, एरवी रश्शाच्या दोन वाट्या सहज. दुपारी दोनच्या सुमाराला तिथूनच म्हणाल्या, "आज काढ्याचा वास नाही येत." हे माझं पहिलं प्रशस्तिपत्रक.

गाळून झाल्यावर नवऱ्याने सुचवलं, पातेलं मागच्या डेकवर ठेवू, बाहेर फ्रिजच तर आहे. नाही म्हणजे नाही. एक तर आमच्याकडे रकून येतात. दुसरं म्हणजे उंच पातेलं मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, आणि ग्रेव्हीतून, मोठ्या भांड्यांतल्या मांसातून पोट बिघडवणारा जो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू, त्याला अगदी तेवढंच हवं असतं. त्याची बीजं उकळूनही मरत नाहीत, भांडं सावकाश निवत असताना ती जागी होतात. अमेरिकेत त्याच्या साथी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जास्त होतात, हे मी टेबलावर इतक्यांदा सांगितलंय की आता मुलगा माझ्या आधी वाक्य पूर्ण करतो. मी सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून त्यात पातेलं ठेवलं, ढवळलं आणि उथळ डब्यांत ओतून फ्रिजमध्ये लावलं.

रविवारी सकाळी झाकण उघडलं. वर चरबीचा पिवळसर थर, आणि त्याच्या खाली पाणी नाहीच! सगळं घट्ट. डबा हलवला तर खरवसासारखं थरथरलं. पंखांच्या, मानेच्या सांध्यांमधलं सगळं सत्त्व त्यात उतरलं होतं. मी एकटीच ओट्याशी उभी राहून डबा दोन-तीनदा हलवला, सांगायला हरकत नाही.

पुढचं सोपं. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखं वाटलं. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडे, उभ्या चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. त्यावर वाटण, कच्चा वास जाईपर्यंतच परतलं, रंग बदलू दिला नाही. मग ते थरथरणारं अळणी पाणी, खळखळून एक उकळी, आता कुठे मीठ. आच अगदी कमी करून नारळाचं दूध, त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, फुटतं. छातीच्या मांसाचे हाताने तोडलेले तुकडे शेवटची पाच मिनिटं. कोरडं मांस त्या रश्शात असं काही मऊ झालं की शुक्रवारच्या पाहुण्यांना पुन्हा बोलवावंसं वाटलं. मांडीच्या मांसाचं सुकं केलं, कांदा-लसूण चटणी आणि भाजलेलं सुकं खोबरं घालून. ते कुणीही करील.

जेवताना आई आपली वरणभाताची वाटी घेऊन आमच्यात बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, हा पक्षी आपल्याकडे कधी नव्हताच ना? मुलाने लगेच फोन काढला. तर होता! १६१२मध्ये जहांगीरच्या दरबारात मुकर्रब खानाने गोव्याहून काही अजब प्राणी आणले, त्यात टर्की होती. बादशहाला ती इतकी आवडली की त्याने तिच्या रंग बदलणाऱ्या मानेचं वर्णन आठवणींत लिहून ठेवलं, सरड्यासारखी म्हणून, आणि दरबारी चित्रकार मन्सूरकडून चित्र काढून घेतलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. गोव्यात ती आणणाऱ्या पोर्तुगिजांच्या भाषेत टर्कीला म्हणतात 'पेरू'. आई म्हणाल्या, "मग कोशिंबीर करायची होतीस."

बाकीच्या उरल्यासुरल्याचं थोडक्यात. कुस्करलेल्या बटाट्यात लोणी आणि क्रीम इतकं होतं की मी त्याचे बटाटेवडे करायला गेले आणि पहिल्या घाण्यातले चारही वडे तेलात फुटले, तेल वाया, स्टोव्ह धुवायचं काम वेगळं. उरलेल्या बटाट्यात आईंनी मूठमूठ भाजणी घातली, कोथिंबीर, ओवा, तिखट, आणि थालीपीठं थापली. आत लोणी होतंच, वेगळं मोहन लागलं नाही. ही थालीपीठं मी यापुढे मुद्दाम बटाटा उरवून करणार आहे. क्रॅनबेरी सॉसला मोहरी, मेथीदाणे, हिंग आणि लाल तिखटाची फोडणी दिली की तो थेट मेथांब्याच्या घरात जातो. साखर घालायची नाही, आधीच ढीगभर असते. लेक एक बाटली भरून घेऊन गेली. घेवड्याच्या शेंगांचं ते कॅसरोल मात्र कशातच बसत नाही. डॉर्कास रायली यांनी १९५५ साली कॅम्पबेल या सूपच्या कंपनीच्या स्वयंपाकघरात बसवलेली पाककृती, गरम असताना मलाही आवडते. पण दुसऱ्या दिवशी वरचा तळलेला कांदा गळपटला की त्याला फोडणी देऊन उपयोग नाही, भाजणी घालून नाही. ते नवऱ्याने सोमवारी ऑफिसला नेलं. आणि शेजारणीची टर्की? तिचा खिमा करून पावाच्या चुऱ्यात पॅटिस केले आणि तिलाच अर्धे परत दिले. "करी नाही?" तिने विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

मंगळवारी रात्री फ्रिज पुसून काढला. गुरुवार पुन्हा दोन दिवसांवर आला होता. अळणी पाण्याचे दोन डबे उरले होते, ते मी फ्रीझरमध्ये ठेवायला निघाले तेवढ्यात आईंनी थांबवलं. चिकटपट्टीचा तुकडा तोडला, त्यावर पेनाने 'अमावास्येनंतर' असं लिहिलं आणि मोठ्या डब्यावर चिकटवला.

"हा माझा," म्हणाल्या. "आणि त्यात मिरच्या दोन नको, चार घाल."