१९७२च्या शेव्ही पिकअपला पाचवा गिअर

मिशिगनच्या फ्रीवेवर ताशी ६५ मैल गाठले की माझ्या शेव्हरोले सी-१०चं ३५० व्ही-८ इंजिन २,९०० आरपीएमच्या आसपास ओरडत राहायचं. मागचा ॲक्सल ३.७३चा (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ३.७३ फेऱ्या; गिअरचे आकडेही असेच, आकडा मोठा तर जोर जास्त, वेग कमी), चौथा गिअर १:१, आणि पुढे गिअरच नाही. मूळ गिअरबॉक्स एसएम४६५. ओतीव लोखंडाचा, दणकट. पण त्याचा पहिला गिअर ६.५५चा, तोही सिंक्रोविना (गिअर न खरखरता पडावा म्हणून दोन्हीकडचा वेग जुळवणारी रिंग म्हणजे सिंक्रो). भरलेला ट्रेलर चढावर हलवायला तो सोन्यासारखा. रिकामी गाडी मात्र दुसऱ्यातच सुटते. म्हणजे रोजच्या वापराला तीनच गिअर, आणि दुसरा ३.५८, तिसरा १.७०! मधल्या दरीत इंजिन बिचारं धापा टाकतं.

म्हणून नव्वदच्या दशकातल्या पिकअपचा पाच गिअरचा एनव्ही३५०० गिअरबॉक्स बसवला. ४.०२, २.३२, १.४०, १.०० आणि पाचवा ०.७३. त्याच वेगाला इंजिन आता २,१००च्या थोडं वर. शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं.

घेताना मी एका गोष्टीवर अडून बसलो होतो: १९९५ किंवा त्याआधीचाच हवा. त्यानंतरच्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकून गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, आत असतो. तो गळला की अख्खा गिअरबॉक्स उतरवा. बाहेरचा असेल तर गाडीखाली झोपूनच बदलता येतो. भंगार यार्डात ड्रेन प्लग उघडून तेल बोटांवर चोळून पाहिलं. सोनेरी भुकटी चालते, ती सिंक्रोच्या पितळेची. बोटाला कण टोचले तर तो सोडून द्यायचा.

बेलहाउसिंग गिअरबॉक्सच्या अंगचीच आहे आणि इंजिनाला सरळ बसते. फ्लायव्हील (क्लच ज्याला टेकतो ते इंजिनामागचं जड चाक) मात्र जुन्या इंजिनाचंच ठेवावं लागतं. १९८६पासून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या सीलची रचना बदलली, त्यामुळे पुढच्या इंजिनांचं फ्लायव्हील इथे लागत नाही. क्लच प्लेट नवीन इनपुट शाफ्टच्या दात्यांची घ्यायची.

खरं काम निघालं क्लच पेडलचं. पेडलपासून क्लचपर्यंतची जुनी जोडणी रॉडची, नवीन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाची. पेडलने तेल दाबणारा मास्टर सिलिंडर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) बसवला, मुलाला पेडल दाबायला सांगितलं आणि बॉनेटखाली टॉर्च धरून पाहिलं, तर फायरवॉलचा पत्राच सिलिंडरसकट पुढे फुगत होता. पेडलची निम्मी चाल पत्रा वाकवण्यातच जात होती! आतून-बाहेरून जाड पोलादी प्लेट लावली, तेव्हा कुठे क्लच पूर्ण सुटायला लागला. ही प्लेट टाळून कुणी पैसे वाचवू नका. अर्धवट सुटणारा क्लच सिंक्रो खाऊन टाकतो.

गिअरबॉक्सला खालून आधार देणारा चॅसीचा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, सरकवला. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलला जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच घ्या. जॅकवर मागचा ॲक्सल लोंबकळतो आणि माप फसतं. नवीन गिअरबॉक्सला स्पीडोमीटरची केबल नसते, सेन्सर असतो. त्या सिग्नलवर जुनी केबल फिरवणारा डबा मिळतो. महाग आहे, पण मूळ डॅशबोर्ड फाडायला माझा हात धजला नसता.

तेल सिंक्रोमेशचंच, म्हणजे सिंक्रोच्या गिअरबॉक्ससाठीचं, घाला. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचं घट्ट तेल यात ओतलं तर थंडीत गिअर पडता पडत नाहीत. आणि ज्यांना रोज जड ट्रेलर ओढायचाय त्यांनी एनव्ही३५००च्या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी लोखंडी एनव्ही४५०० आहे, पाचवा गिअर त्यालाही आहे.