पणजीच्या बागांत फिरताना, फोंड्याच्या भिंतीसाठी

फोंड्यातल्या एका बागेत भिंत मिळालीय, त्यावर आपल्या भागाचा इतिहास दिसला पाहिजे असं काहीतरी करायचंय, म्हणून आधी पणजीत असलं काम कसं केलंय ते बघून येऊ असं ठरवलं आणि मी न माझी मैत्रीण सकाळच्या कदंबा बसने निघालो.

पहिली चर्चसमोरची गार्सिया द ओर्ता बाग. मधल्या उंच खांबावर पूर्वी वास्को द गामा होता, आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. खांब तोच, डोकं बदललं, आणि मला वाटतं पणजीचा अख्खा इतिहास एवढ्यातच आला. पण ज्याचं नाव बागेला आहे तो ओर्ता वैद्य होता, इथल्या औषधी झाडांवरचं त्याचं पुस्तक 1563 ला गोव्यातच छापलं, आणि तो मूळचा ज्यू म्हणून मेल्यावर 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. नुसतं नाव वाचून हे कोणाला कळणार? त्याने लिहिलेली मिरी, आलं, वेलची तिथंच लावली आणि प्रत्येकाशेजारी दगडावर दोन ओळी कोरल्या तर पोरं पानं चुरगाळून वास घेत वाचतील.

तिथून चालत आझाद मैदान. मंडपाचे खांब जुन्या गोव्याच्या पडक्या वास्तूंतून आणलेले. मी हात लावून बघितला, दगड उन्हाने तापलेला, कडा झिजून गोल झालेल्या. याच छताखाली 1510 ला गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा उभा होता, तो आता जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये, आणि इथं त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांचं स्मारक आहे, ज्यांनी 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढली. जागा पुसली नाही, तिचा मालक बदलला. मला हे फार आवडलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आबे फारियापाशी गेला. कांदोळीला 1756 मध्ये जन्मलेला हा माणूस, संमोहनाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही लोकांतला. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामतांचा, 1945 चा. दोन्ही हात पसरलेले, समोर बाई मागे कलंडतेय, झगा वाऱ्याने उडाल्यासारखा. पाटी न वाचताच माणसं थांबतात, एक मुलगी तर तसेच हात पसरून भावाला झोपवायला बघत होती. आमच्या भिंतीला हेच हवंय, छातीवर हात ठेवून उभा असलेला माणूस नको, काहीतरी घडताना दिसलं पाहिजे.

आणि फोंड्यात घडलंय की! 16व्या शतकात पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा लोकांनी आपले देव नदीपलीकडे आणले, मंगेश कुठ्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हणजे बागेतल्या वाटेवर मध्येच निळसर फरशीची नदी, आणि भिंतीवर होडी, माणसं, पलीकडचा काठ, चालणाराही आपोआप नदी ओलांडतो. मैत्रीण म्हणाली, "अगो, देव गुडघ्याएवढ्या उंचीवर काढून चालायचा नाही, लोक चपला घालून फिरतात तिथं." बरोबर आहे तिचं, म्हणून देव दाखवायचाच नाही, नेणारी माणसं दाखवायची.

आणि रंग नकोच, दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. कावी करायची, चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर, तो ओला असतानाच टोकदार लोखंडाने खरवडायचा की आतलं पांढरं वर येतं. आपल्या जुन्या देवळांत ती अजून शाबूत आहे, फक्त वर पागोळी अडवणारं छोटं छप्पर हवं. आता अडलंय ते चुन्यापाशी, शिंपल्यांचा चुना अजून भाजणारं कोणी फोंडा, काणकोणकडे ओळखीचं असेल तर नक्की कळवा.