केडलस्टन हॉल: कर्झनच्या घरी जाताना

कोलकात्याचं राजभवन पाहिलेलं असेल, तर डर्बीशरमधल्या या घरासमोर उभं राहताच ओळखीची खूण पटते. उगाच नाही. १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर जनरल वेलस्लीने कोलकात्याचा तो वाडा बांधून घेतला, तेव्हा आराखडा केडलस्टनवरूनच बेतला होता. मधे मुख्य इमारत, कोपऱ्यांना वेगळी दालनं आणि ती जोडणारे वळणदार मार्ग. गंमत अशी की केडलस्टनला चार दालनं योजली होती, पण प्रत्यक्षात दोनच उठली. चारही उभी राहिली ती कोलकात्यात. पुढे १८९९ मध्ये केडलस्टनच्याच घराण्यातला जॉर्ज कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या वाड्यात राहायला गेला.

लंडनहून सेंट पॅन्क्रसवरून डर्बीची गाडी पकडा, साधारण दीड तास. स्टेशनपासून घर सुमारे आठ किलोमीटरवर आहे. टॅक्सीने जाणार असाल तर परतीचीही आधीच ठरवा. फाटकाबाहेर नुसती शेतं आहेत, तिथे टॅक्सी वाट बघत उभी नसते. घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, सभासदांना प्रवेशाचे आणि पार्किंगचे पैसे पडत नाहीत. उद्यान आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात. हिवाळ्यात उद्यान उघडं आणि घराला कुलूप, असं हमखास होतं. निघायच्या आदल्या दिवशी ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

आत आधी मार्बल हॉल, आणि तोही दुपारच्या आसपास. या दालनाला खिडक्याच नाहीत, सगळा उजेड छतातल्या झरोक्यांतून येतो. अलाबास्टर या संगमरवरासारख्या मऊ दगडाचे २० खांब, प्रत्येक सुमारे साडेसात मीटर उंच. सूर्य डोक्यावर असताना त्यांतल्या तांबूस-हिरवट शिरा उजळतात. संध्याकाळी चारनंतर तेच खांब मळकट वाटतात, मग लोक म्हणतात की फोटोत छान दिसत होतं. फ्लॅश चालत नाही. मोठी पाठपिशवी दारातच ठेवून घेतात आणि टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. फरशीत जडावाचं काम आहे.

पुढचा क्रम समजून घेतला की फिरणं सोपं जातं. शिरल्यावर डावीकडे संगीत, चित्रं आणि ग्रंथ यांच्या खोल्या, मधे घुमटाखालचा गोल सलून म्हणजे पाहुण्यांचा दिवाणखाना, उजवीकडे शाही शयनगृह आणि भोजनगृह. १७६० च्या सुमारास काम हाती घेतलेल्या वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने छताच्या नक्षीपासून फर्निचरपर्यंत लक्ष घातलं. सलूनमध्ये मान वर करून पाहा, १९ मीटरवरचा घुमट थेट रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराची आठवण देतो. ड्रॉइंग रूममधल्या निळ्या कोचांचे हात-पाय नीट बघा, जलपऱ्या आणि समुद्रदेव कोरलेत. खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवतात, कारण उजेडाने रेशीम विटतं आणि कुजतं. डोळे सरावायला दोन मिनिटं द्या. प्रत्येक खोलीत स्वयंसेवक असतात. विचारलंत तर भरभरून सांगतात, न विचारता सहसा बोलत नाहीत.

खालच्या मजल्यावरचं ईस्टर्न म्युझियम बरेच जण दमून टाळतात. आपल्या लोकांनी तसं करू नये. इथल्या वस्तू कर्झनने आशियातल्या भटकंतीत आणि व्हाइसरॉय असताना जमवल्या, काही भेटवस्तू म्हणून मिळाल्या; संग्रहालय त्याच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये सुरू झालं. १९०३ च्या दिल्ली दरबारात कर्झनची पत्नी मेरी हिने घातलेला मोरपिशी पोशाख याच संग्रहातला. तो तिथे मांडलेला आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. शिवला पॅरिसच्या वर्थ या नामांकित फॅशनगृहाने, पण जरीकाम दिल्लीच्या कारागिरांचं. मोराच्या प्रत्येक डोळ्यात जे हिरवंनिळं चमकतं ते पाचू नव्हे, सोनकिड्याच्या पंखाचं कवच आहे. काचेसमोर थोडं डावी-उजवीकडे सरका, रंग बदलताना दिसतो. वजन सुमारे साडेचार किलो. वर्थचं नाव सर्वत्र घेतलं जातं, टाके घालणाऱ्यांचं एकाचंही नाही. १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्ष गोखल्यांनी याच कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली होती, हे डोक्यात ठेवून हे दालन बघितलं की भेटवस्तू हा शब्द वेगळाच ऐकू येतो.

घराला खेटून असलेलं चर्च चुकवू नका. पूर्वीच्या गावाचं तेवढंच उरलंय, बाकीचं गाव उद्यानासाठी हलवलं. कर्झन आणि मेरी यांची संगमरवरी समाधी तिथे आहे. चर्च दुसऱ्या संस्थेकडे आहे, त्यामुळे वेळा निराळ्या.

उद्यान सुमारे ८०० एकरांचं आहे. लाँग वॉकची फेरी जवळपास पाच किलोमीटर, आरामात दीड-दोन तास. पावसानंतर गवताळ वाट चिकट होते, गमबूट नाहीतर घोट्यापर्यंतचे बूट हवेत. हिरवळीच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नका. तिथे हाहा आहे, म्हणजे चर खणून त्यात बसवलेली भिंत. चरणाऱ्या बाजूने उतार, घराकडच्या बाजूने सरळ कडा. मेंढ्या आत येत नाहीत आणि खिडकीतून कुंपणही दिसत नाही, पण हिरवळीवरून धावणाऱ्या पोरालाही ते दिसत नाही.

कुत्रा असेल तर साखळीतच ठेवा, मेंढ्या मोकळ्या चरत असतात. वेळ कमी असेल तर लाँग वॉक सोडा आणि ॲडमच्या तीन कमानींच्या पुलापर्यंत जाऊन या. तळ्यापलीकडे घराचा उत्तर दर्शनी भाग पूर्ण दिसतो तो तिथूनच.