सपाट वाटेचा थकवा

सायकलने घाट चढणारी माणसंसुद्धा नदीकाठच्या, मोटारी नसलेल्या सपाट वाटेवर चाळीस किलोमीटरनंतर सीटवर चुळबुळ करायला लागतात, तेव्हा त्यांना स्वतःचंच नवल वाटतं. वास्तविक यात नवल काही नाही. चढ संपला की उतार लागतो, उतारावर पाय थांबतात, बूड सीटवरून उचललं जातं, हाताची पकड बदलते. सपाटीवर ही सुट्टी मिळत नाही. तीन तास एकाच बैठकीत, एकाच पकडीत पॅडल मारत राहायचं. मोटारी नसल्याने सिग्नलला थांबणंही नाही. त्यामुळे अशा वाटेची तयारी वेगळी असते. दमसास कमी असला तरी चालतो, पण सीटवरची बैठक नीट हवी.

‘नदी जिकडे वाहते तिकडे उतार, म्हणून प्रवाहाच्या दिशेने जा’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा हिशेब करून बघा. डांबरी किंवा काँक्रीटच्या वाटेवर बऱ्यापैकी टायरचा रोध सुमारे अर्धा ते पाऊण टक्का उताराइतका असतो. म्हणजे किलोमीटरमागे पाच-सात मीटर उतार मिळाला तर तो नुसता टायरचा रोध फेडण्यात जातो. पॅडल न मारता ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने जायचं तर दहा-बारा मीटर तरी हवेत. मैदानी नदी एवढी उतरत नाही. युरोपातली डॅन्यूब नदी पासाउपासून व्हिएन्नापर्यंतच्या सुमारे तीनशे किलोमीटरांत दीडशे मीटरांहूनही कमी उतरते, म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरही नाही. तिथे बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात आणि उताराचे आभार मानतात. खरे आभार पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याचे मानायला हवेत.

सपाटीवरचा घाट म्हणजे वारा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात असाल आणि समोरून तेवढ्याच वेगाने वारा आला, तर हवेचा रोध चौपट होतो. सरळ ताठ बसणाऱ्याला तोच वेग टिकवायला शांत हवेपेक्षा अडीचपट जोर लावावा लागतो. तो लावू नका. गिअर उतरवा, दहा-बाराच्या वेगावर या, कोपरं वाकवून थोडं खाली झुका. आणि जाऊन-येऊन फेरी असेल तर जाताना वारा अंगावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर पाठीच्या वाऱ्यात नकळत फार लांब जाल आणि परतीला पाय संपलेले असतील.

डोंगराळ खोऱ्यात आणखी एक गंमत आहे. उन्हाच्या दिवशी दुपारी डोंगर तापतात आणि वारा खालून वर, खोऱ्याच्या मुखाकडून आत वाहू लागतो. रात्री आणि पहाटे तो उलटा फिरतो. इटलीत आदिजे नदी दक्षिणेकडे वाहते आणि दुपारी ‘ओरा’ नावाचा वारा नेमका दक्षिणेकडून येतो. प्रवाहाबरोबर जायचं असेल तर पहाटे निघून दुपारच्या आत मुक्काम गाठायचा, एवढंच त्यावर औषध.

बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या वाटांचा हिशेब वेगळा. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून तिथे चढ साधारण दोन टक्क्यांच्या आत राहतो. पण तेवढा उतार सायकलला पुरतो. अमेरिकेतल्या ग्रेट ॲलेगेनी पॅसेजवर कंबरलंडकडची बाजू पावणेदोन टक्क्यांपर्यंत चढते. डोळ्यांना ती सपाटच दिसते, पाय मात्र कुरकुरतात. अशा वाटेवर ‘आज अंगात जोर नाही’ असं वाटलं तर एकदा मागे वळून बघा.

आता बैठक. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली न्या. गुडघा सरळ झाला की उंची जवळपास बरोबर. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून, शिवाय कंबर डावी-उजवी हलायला लागते. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचाच करा आणि जुन्या उंचीची खूण टेपने करून ठेवा. जाड मऊ सीटचा मोह मात्र आवरा. पहिला अर्धा तास ती छान वाटते. मग बसण्याची हाडं तिच्यात रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. हाडांना नीट टेकू देणारी, थोडी घट्ट सीट दोन तासांनंतर जास्त सुखाची. पॅडची चड्डी घातली तर आत दुसरी चड्डी नको, शिवण घासते.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आहे. हातमोज्यांनी थोडा फरक पडतो. सरळ हँडलच्या टोकांना छोटी शिंगं लावली की पकडीला दुसरी जागा मिळते, त्याने जास्त पडतो. तेही नसेल तर दर दहा मिनिटांनी पाच-सहा पॅडल उभं राहून मारायची. उतार आपल्याला जी सुट्टी देतो, ती इथे आपणच घ्यायची. पॅडलचा वेग मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या ठेवा. सपाटी दिसली की जड गिअर टाकण्याची खोड असते, तिचं बिल गुडघे भरतात.

वाटेचा पृष्ठभाग हा नियोजनातला सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि दिवस बिघडतो तो बहुधा यामुळेच. ॲलेगेनी पॅसेजचं उदाहरण पुढे न्यायचं तर, तिची २४० किलोमीटरची वाट बारीक चुनखडीची आहे. पाऊस पडला तरी ती बऱ्यापैकी घट्ट राहते. कंबरलंडला तिला जोडून चेसापीक अँड ओहायो कालव्याकाठची २९७ किलोमीटरची वाट सुरू होते, पूर्वी बोटी ओढणाऱ्या खेचरांची. तिच्यावर मातीचे पट्टे आहेत आणि पावसानंतर चिखलाची डबकी साचतात. नकाशावर रेघ एकच, पण एकीवर ताशी १५ चा वेग आणि दुसरीवर ओल्या दिवशी ८-१०. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या नकाशात कच्च्या वाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत दिलेली असते. १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती किंवा गवत. पाऊस झाला असेल तर ४ आणि ५ टाळलेल्या बऱ्या. चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या फटीत भरते आणि चाकच अडवते. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी फट हवी.

झाडांची मुळंही हिशेबात धरा. फ्रान्सच्या कॅनाल द्यू मिदी या कालव्यावर प्लेन नावाच्या वृक्षांची सावली प्रसिद्ध आहे, आणि त्यांच्याच मुळांनी काठच्या वाटेला उंचवटे आणले आहेत. मुळांवर दोन्ही पॅडल आडव्या रेषेत आणून बूड सीटवरून किंचित उचला, गुडघे-कोपरं सैल सोडा. मूळ तिरकं आणि ओलं असेल तर शक्यतो काटकोनात ओलांडा. लाकडी पुलाच्या ओल्या फळ्यांवर ब्रेक आणि वळण दोन्ही बंद. रेती लागली की आधीच हलका गिअर, वजन मागे, आणि पॅडल थांबवायचं नाही. रेतीत हँडल वळवलं की पुढचं चाक रुतलंच.

टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे असले तर डांबर ते खडी सगळं निभतं. पंचाहत्तर किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ४० आणि पुढे ३५ पीएसआयपासून सुरुवात करावी. ३२ मिलिमीटर असेल तर ५५ आणि ४५. टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडू नका. हवा ठासून भरली की वेग वाढतो हा समज खडीवर चालत नाही. तिथे टणक टायर उसळतो आणि त्या उसळण्यातच जोर वाया जातो.

पंक्चर झालं की ट्यूब काढण्याआधी टायरचा छापील शिक्का व्हॉल्व्हच्या किती अंतरावर आहे ते बघून ठेवा. ट्यूबवरचं भोक सापडलं की त्या मापाने टायरमधला काटा नेमका कुठे आहे ते कळतं. भोकाचा प्रकारही बोलतो. बाहेरच्या अंगाला एकच भोक म्हणजे काटा किंवा काच. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि ट्यूब रिमच्या कडेत चिमटली. आतल्या अंगाला भोक म्हणजे रिमची पट्टी सरकली आहे. ती जागेवर न बसवता नवी ट्यूब घातलीत तर तीही फुटेल. टायरच्या आतून बोट फिरवण्याआधी कापड फिरवा, काटा कापडाला अडकू दे.

वाटेवर ट्यूब बदला, ठिगळ निवांत जागी लावा. ठिगळ सुटण्याचं कारण बहुतेक वेळा घाई. ठिगळापेक्षा मोठा भाग घासून चकाकी घालवायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं. ओलसर चमक गेल्यावरच ठिगळ दाबायचं. एकदा उघडलेली सोल्यूशनची नळी काही महिन्यांत आत सुकते, तेव्हा निघण्याआधी दाबून बघा.

चेनला धुळीच्या दिवसांत पातळ, कोरडं राहणारं तेल, चिखलात जाडसर. दर कडीला एक थेंब, दहा मिनिटांनी कापडाने पुसून घ्यायचं. बाहेर राहिलेल्या तेलात धूळ मिसळली की तिचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं.

मोटारी नसलेल्या वाटेवर सर्वांत वेगवान वाहन आपणच असतो, हे चालणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त जाणवतं. घंटी वीस-तीस मीटर आधी वाजवा. अगदी पाठीशी येऊन वाजवलीत तर माणूस दचकून नेमका आपल्या पुढ्यात येतो. कुत्र्याची दोरी वाटेवर आडवी असू शकते, म्हणून माणूस एका कडेला आणि कुत्रा दुसऱ्या कडेला दिसला की थांबाच. गुरं असतील तर उतरून चाला.

निघण्याआधी दोन मापं घ्या: हँडलची रुंदी, आणि पिशव्या लावल्यावर मागची रुंदी. मोटारसायकली रोखायला लावलेल्या आडव्या-तिडव्या फाटकांतून भरलेली सायकल जात नाही, आणि पिशव्या काढून-लावून दर फाटकाला पाच मिनिटं जातात. पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यात पुलांखालून जाणारे रस्ते विशेष जपून घ्या. पाणी गेलेलं असतं, पण गाळाचा पातळ थर राहिलेला असतो. वरून तो वाळलेला दिसतो, आतून ओला असतो, आणि नेमका उताराच्या तळाशी, वळणावर साचतो. तिथे उतरून सायकल हाताने न्यावी.