मे महिन्यात सर्व्हर रूम तपासायला निघालात तर: नागपूर ते पांढरकवडा

तालुक्याच्या गावांतल्या काही सर्व्हर रूमच्या देखभालीचं काम आमच्याकडे आहे. पतसंस्था, कापसाचे जिनिंग कारखाने, एखाददुसरं कॉलेज. उन्हाळा लागला की सगळीकडून एकच फोन: एसी पुरत नाही, अजून एक बसवून द्या. यंदा म्हटलं, आधी जाऊन मोजू, मग बघू. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, चांगला आहे. पहाटे निघा, जामला पोहे-तर्री हाणा, पण मोजमाप दुपारी दोन ते चारमध्येच करा. सकाळच्या आकड्यांवर कुठलीही खोली पास होते.

हिंगणघाटच्या पतसंस्थेत दोन्ही एसी सोळावर. तिथले शिपाई म्हणाले, "साहेब, सोळावर लावून ठेवलं, तरी रूम थंडी होऊन नाही राह्यली." खोली थंडच होती, मला तर अंगावर काटा आला. रॅकच्या, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवलेल्या कपाटाच्या, समोर थर्मामीटर धरला: खाली १९, वरच्या सर्व्हरपाशी ३१. दारातून आत येणाऱ्या माणसाला थंडी वाजत होती आणि ज्याच्यासाठी एसी लावला तो सर्व्हर तापत होता. रॅकमध्ये मधे मधे रिकाम्या जागा होत्या. मागून निघालेली गरम हवा त्यातून पुढे येत होती आणि वरचे सर्व्हर तीच परत ओढत होते. रिकाम्या जागांना ब्लँकिंग प्लेटा लावल्या, केबलच्या भोकांत फोम कोंबला, एसी २४ वर आणला. तासाभराने वरचं तापमान २६ झालं आणि दुसरा एसी बंद करता आला. तो काढून नेऊ नका, आलटून-पालटून चालवायला टायमर लावा.

सोळाचा आग्रह मोडायला एक आकडा पाठ ठेवा. अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश अशी आहे. मोजायचं ते तिथे, एसीच्या तोंडाशी नाही.

मॅनेजरसाहेबांना मात्र अंशांपेक्षा युनिट कळतात. युपीएसच्या डिस्प्लेवर सर्व्हरचा भार ३ किलोवॅट होता, खोलीची एकूण खेच ६.२. एकूण भागिले सर्व्हर, म्हणजे दोनच्या वर. यालाच पीयूई म्हणतात, आणि तो जितका एकाजवळ तितका चांगला. आम्ही निघालो तेव्हा एकूण ५.१ वर आलं होतं, म्हणजे १.७. वर्षभर एक किलोवॅट वाचला तर ८७६० युनिट होतात. हे वाक्य ऐकून साहेबांनी चहा मागवला. खोलीला वेगळा मीटर नसतो, तेव्हा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं यंत्र, सोबत घ्याच.

पुढे एका जिनिंगमध्ये खोलीत काहीच दोष नव्हता. बाहेरचं युनिट बघितलं, तर मागच्या जाळीवर रुईचा थर इतका दाट की नखाने सोलला तर गोधडीसारखा सलग निघाला. त्यातून उष्णता बाहेर पडणार कुठून? कॉम्प्रेसर एकसारखा चालू. ब्रश, मग हळू धारेने पाणी, आतून बाहेर. जोराचा फवारा मारला तर पाकळ्या वाकतात. हंगाम साधारण दसऱ्यानंतर सुरू होतो. जिनिंगजवळच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तेव्हापासून दर महिन्याला ही साफसफाई सांगून ठेवा.

"कूलर लावला तर?" हे सगळीकडे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा फार कमी वीज खातो. पण एक लिटर पाणी उडताना साधारण ०.६७ युनिट उष्णता ओढतं. युपीएसची उष्णता धरून साडेतीन किलोवॅट म्हटले, तर तासाला पाच लिटरच्या वर, दिवसाला सव्वाशे. पॅडवरचे क्षार धुवायचं पाणी वेगळं. यवतमाळकडे जिथे मेमध्ये टँकरची वाट बघतात, तिथे ही वीजबचत मला पटत नाही. शिवाय धूळ आत येते, आणि पाऊस सुरू झाला की दमट हवेत कूलर काही करत नाही.

पांढरकवड्याच्या कॉलेजात एक जुना सर्व्हर घरघरत होता. हे काय करते, विचारलं तर कोणालाच माहीत नाही. रिकामा बसलेला सर्व्हरही बरीच वीज खातो आणि त्याची उष्णता एसीला उपसावी लागते. लगेच बंद करू नका. आधी नेटवर्कची वायर काढा, महिनाअखेर जाऊ द्या, कोणी ओरडलं नाही तर बॅकअप घेऊन बंद करा.

एक भांडण हमखास होईल ते युपीएसच्या बॅटऱ्यांवरून. खोली २७ पर्यंत नेली तरी सर्व्हरला चालतं, पण लेड-अ‍ॅसिड बॅटरीला २५ च्या आसपासच बरं. त्यावर दर आठ-दहा अंशांमागे तिचं आयुष्य निम्मं होतं. जागा असेल तर बॅटऱ्या वेगळ्या खोलीत काढा, नसेल तर २४ वरच थांबा. आणि लाईन जाईल तेव्हा जनरेटरवर एसी चालतो का, हे मुक्कामी असतानाच चालवून बघा. एका ठिकाणी सर्व्हर जनरेटरवर होते आणि एसी नव्हता.